मामांच्या रेकॉर्डचा जन्मदाखला

नागपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: त्यांचे मामा १९६४ साली शिकायला शिकागोला गेले आणि तिथेच राहिले. गेल्या वर्षी ते वारले आणि त्यांचं एक खोकं ताईंकडे आलं. आत ४१ रेकॉर्ड, सगळ्या सात इंची, मध्ये मोठं भोक. बुकर टी. अँड द एमजीजची 'ग्रीन अनियन्स', मिरॅकल्सची 'शॉप अराउंड', जेरी बटलरची 'फॉर युअर प्रेशस लव्ह' अशी नावं त्यांनी कळवली आहेत. यातल्या ओरिजिनल कोणत्या, नेमक्या कोणत्या सालच्या आणि किंमत काय येईल, हे त्यांना हवं आहे.

ताई, किमतीचं आधी सांगून टाकतो. तुम्ही लिहिलेली तिन्ही गाणी त्या काळी भरपूर खपली. जी रेकॉर्ड लाखांनी खपली तिची साधी प्रत आजही अमेरिकेत थोडक्या डॉलरांत मिळते. पण याच तीन गाण्यांच्या काही प्रती अशा आहेत की त्यांच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं थांबतात. तुमच्याकडे कोणती प्रत आहे ते गाण्याच्या नावावरून कळत नाही, ते तबकडीवर लिहिलेलं असतं. म्हणून खोकं सध्या कुणालाही देऊ नका, कुणी एकरकमी घ्यायला आला तरीही.

आता 'ओरिजिनल'चं. मी तीस वर्षं डेट्रॉइटजवळ राहतो आणि जवळजवळ तेवढीच वर्षं या रेकॉर्ड गोळा करतोय. एवढ्या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. याचं सरळ हो-नाही उत्तर बहुतेक वेळा नसतं, कारण साठच्या दशकात सोलची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताची, रेकॉर्ड एकदाच, एकाच ठिकाणी छापली गेली असं क्वचितच व्हायचं.

हा धंदा चालायचा कसा ते बघा. एखाद्या शहरातला छोटा मालक उसने पैसे घेऊन गाणं ध्वनिमुद्रित करायचा, काही शे प्रती छापून गावातल्या रेडिओवाल्यांकडे आणि दुकानांत पोचवायचा. गाणं गावात चाललं तर पुढचा पेच यायचा: देशभर प्रती पुरवायच्या तर आधी कागद, छपाई, वाहतूक यांचे पैसे द्यावे लागत आणि दुकानदारांकडून वसुली महिनोन्महिने होत नसे. त्यामुळे तो ते गाणं मोठ्या कंपनीला भाड्याने देऊन टाकायचा. बेरी गॉर्डीने १९५९ च्या जानेवारीत घरच्यांकडून ८०० डॉलर कर्ज काढून टॅम्ला ही कंपनी सुरू केली, तीच पुढे मोटाउन म्हणून गाजली. तिची पहिली रेकॉर्ड, मार्व्ह जॉन्सनची, नंबर १०१. डेट्रॉइटमध्ये ती टॅम्लावर निघाली, बाकी देशात युनायटेड आर्टिस्ट्सवर. त्याच वर्षी बॅरेट स्ट्राँगचं 'मनी' आलं, टॅम्ला ५४०२७. तेही चाललं आणि देशभर गेलं ते गॉर्डीच्या बहिणीच्या ॲना या लेबलवर, नंबर ११११. (लेबल म्हणजे तबकडीवरचा कागद, आणि ज्या नावाने कंपनी रेकॉर्ड काढते ते नावही.) दोन्हीवर गाणं तेच, काळही जवळपास तोच. मग ओरिजिनल कोणती? माझ्या मते दोन्ही. एक डेट्रॉइटची, एक देशाची. संग्राहक टॅम्लाला जास्त पैसे मोजतात कारण ती आधी आली आणि कमी निघाली, एवढंच.

दुसरी गोष्ट. गाणं देशभर चाललं की एका कारखान्याला प्रती पुरवणं जमत नसे. मेम्फिसमधलं प्लॅस्टिक प्रॉडक्ट्स, लॉस एंजेलिसमधलं मोनार्क, पेनसिल्व्हेनियातलं स्पेशॅलिटी अशा वेगवेगळ्या ठिकाणी तेच गाणं एकाच वेळी छापलं जायचं. ट्रकभाडं वाचायचं आणि माल लवकर पोचायचा. लेबलवरची अक्षरं, छटा, ओळींची मांडणी प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी. नवशिके लोक ही तफावत बघून एकाला खरी आणि दुसरीला खोटी ठरवतात. मीही सुरुवातीला ठरवायचो. म्हणून 'ओरिजिनल आहे का' याऐवजी 'कुठल्या कारखान्यात आणि साधारण कोणत्या महिन्यात छापली' असा प्रश्न तबकडीला विचारायचा. याची उत्तरं ती देते.

कशी ते सांगतो. मामांच्या खोक्यातली एक रेकॉर्ड हातात घ्या, कडेने धरा. गाण्याच्या खाचा जिथे संपतात आणि लेबल जिथे सुरू होतं त्यामधला गुळगुळीत पट्टा बघा. त्याला डेड वॅक्स म्हणतात. खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलची टॉर्च जवळजवळ आडवी धरून रेकॉर्ड हळूहळू फिरवा. वरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, आडवा टाकला की कोरलेली अक्षरं उमटतात. काही हाताने सुईसारख्या टोकाने लिहिलेली असतात, काही ठशाने मारलेली. लेबलवर छापलेल्या नंबराशी मिळताजुळता एक नंबर असेल, तो मॅट्रिक्स. त्याच्या आसपासची बारकी चिन्हं जास्त बोलकी असतात.

एक छोटा त्रिकोण आणि त्यापुढे पाच आकडे असले तर ती मोनार्कची. तिथे प्रत्येक कामाला ओळीने नंबर पडत असे, त्यामुळे तारीख माहीत असलेल्या दोन रेकॉर्डच्या मध्ये तुमची कुठे बसते ते बघून महिन्यापर्यंत अंदाज येतो. दुसऱ्या बाजूला तोच आकडा आणि पुढे एक्स. ए-आर-पी ही तीन अक्षरं एकात एक गुंफलेली दिसली तर ती मिशिगनमधल्या ओवोसो गावच्या अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंगची. मोटाउनच्या कितीतरी रेकॉर्ड तिथे छापल्या गेल्या. १९७२ मध्ये तो कारखाना जळाला, तेव्हा हा ठसा असलेली रेकॉर्ड त्यानंतरची असूच शकत नाही. अटलांटिक या मोठ्या कंपनीच्या लेबलवर नंबरामागे एसपी असेल तर स्पेशॅलिटी, एमओ असेल तर मोनार्क. आरसीए या मोठ्या कंपनीने दुसऱ्यांसाठी छापलेल्या रेकॉर्डच्या नंबरात पहिलंच अक्षर साल सांगतं: एल म्हणजे १९६०, एम ६१, एन ६२, पी ६३, आर ६४, एस ६५, टी ६६, यू ६७. मधली ओ आणि क्यू गाळली आहेत.

लेबलवरूनही काही गोष्टी पक्क्या कळतात. कंपनीच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर ते लेबल जुलै १९६३ नंतरचं, कारण झिप कोडच तेव्हा आले. वर्तुळातला पी दिसला तर तुमच्या हातात सत्तरच्या दशकातली किंवा त्यानंतरची छपाई आहे, लेबलवर १९६२ लिहिलेलं असलं तरी. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कॉपीराइट मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून आणि ते चिन्ह त्या कायद्याबरोबर आलं.

आता तुमच्या तिन्ही रेकॉर्डकडे येतो.

'ग्रीन अनियन्स'. मेम्फिसमधल्या मॅकलमोर रस्त्यावर एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर होतं, त्यात जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी स्टुडिओ थाटला होता. कंपनीचं पहिलं नाव सॅटेलाइट. त्या नावाची कॅलिफोर्नियात आधीच एक कंपनी निघाली म्हणून १९६१ मध्ये दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून स्टॅक्स केलं. १९६२ मध्ये तिथल्या वादकांनी रिकाम्या वेळात एक संथ ब्लूज वाजवली, तिचं नाव 'बिहेव युअरसेल्फ'. दुसऱ्या बाजूला काहीतरी हवं म्हणून बुकर टी. जोन्स या सतरा वर्षांच्या मुलाने ऑर्गनवर एक चाल धरली, ती 'ग्रीन अनियन्स'. मे महिन्यात रेकॉर्ड आली ती स्टॅक्सच्या व्होल्ट या धाकट्या लेबलवर, नंबर १०२, आणि 'ग्रीन अनियन्स' मागच्या बाजूला. रेडिओवर लोकांनी मागची बाजूच उचलली. कंपनीने लगेच तीच रेकॉर्ड स्टॅक्स १२७ म्हणून पुन्हा काढली, आता 'ग्रीन अनियन्स' पुढे. आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या) यादीत ती पहिल्या नंबरावर गेली आणि पॉपमध्ये तिसऱ्या.

तुमच्या रेकॉर्डवर स्टॅक्स १२७ असेल, मला जवळपास खात्री आहे, कारण शिकागोत पोचलेल्या प्रती त्याच. फिकट निळं लेबल आणि रेकॉर्डच्या चवडीचं चित्र असेल तर अटलांटिक स्टॅक्सच्या रेकॉर्ड देशभर पोचवायची त्या काळातली. चुटकी वाजवणाऱ्या बोटांचं पिवळं लेबल हे १९६८ नंतरचं. त्या बदलामागे एक दुखरी गोष्ट आहे. १९६५ मध्ये अटलांटिकशी लेखी करार झाला, त्यात स्टॅक्सच्या मास्टर टेपची, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणांची, मालकी अटलांटिककडे जाते असं कलम होतं. स्टुअर्ट यांच्या ते लक्षात आलं नाही. १९६७ मध्ये अटलांटिक वॉर्नरला विकली गेली, मे १९६८ मध्ये स्टॅक्स आणि अटलांटिकचा संबंध तुटला आणि तेव्हा कळलं की तोवरचं सगळं संगीत, त्यांचा गायक ओटिस रेडिंग याच्या गाण्यांसकट, स्टॅक्सचं राहिलेलं नाही. ओटिस तर आधीच्या डिसेंबरात विमान अपघातात गेला होता. नव्या लेबलचे नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले. हे कळल्यापासून निळं लेबल हातात घेतलं की मला नुसता रंग दिसत नाही.

'शॉप अराउंड' जास्त गुंतागुंतीची आहे. टॅम्ला ५४०३४, १९६०. स्मोकी रॉबिन्सन तेव्हा वीस वर्षांचा. पहिली रेकॉर्ड डेट्रॉइटमध्ये बाजारात गेली आणि रेडिओवर ऐकताना गॉर्डीला ती संथ वाटायला लागली. त्याने रात्री उशिरा रॉबिन्सनला फोन करून सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं आणि गाणं पुन्हा, जास्त उठावदार करून ध्वनिमुद्रित केलं. नव्या आवृत्तीला त्याने नवा नंबर दिलाच नाही. तेच लेबल, तेच नाव, तोच नंबर, आत गाणं वेगळं. देशाने ऐकलं ते दुसरं, आणि ते मोटाउनचं दहा लाख प्रती खपलेलं पहिलं गाणं ठरलं. पहिलं राहिलं डेट्रॉइट आणि आसपासच्या दुकानांत.

इथे लेबल काही मदत करत नाही. डेड वॅक्समधला नंबर बघावा लागतो, कारण नव्या ध्वनिमुद्रणाची तबकडी नव्याने कोरली गेली आणि कोरणाऱ्याने खूण वेगळी केली. आणि ऐकावं लागतं. इंटरनेटवर सहज सापडणारं गाणं दुसरं आहे, ते आधी दोनदा ऐका आणि मग मामांची रेकॉर्ड लावा. वेग आणि रेटा वेगळा वाटला तर मला कळवा, वेळ कोणतीही असो. लेबलची चौकट मात्र तपासा: पिवळ्या लेबलवर आडव्या रेघा असतील तर सुरुवातीची, दोन पृथ्वीगोल असतील तर नंतर छापलेली.

जेरी बटलरची रेकॉर्ड बघायला मी सर्वांत उत्सुक आहे. १९५८, शिकागो. बटलर आणि कर्टिस मेफील्ड हे चर्चमध्ये एकत्र गाणारे पोरगे. त्यांच्या इम्प्रेशन्स या गटाने हे गाणं व्ही-जे कंपनीसाठी गायलं. सुरुवातीच्या थोड्या प्रती थेट व्ही-जेच्या लेबलवर निघाल्या, नंबर २८०. मग कंपनीने ते गाणं फॅल्कन या आपल्याच दुसऱ्या लेबलवर हलवलं, नंबर १०१३. फॅल्कन नावाची कंपनी आधीच कुठेतरी होती, म्हणून लेबलचं नाव बदलून ॲबनर केलं, व्ही-जेच्या युअर्ट ॲबनर यांच्यावरून. नंबर तोच राहिला, १०१३. एका उन्हाळ्यात एका गाण्याची तीन लेबलं. लेबलवर 'जेरी बटलर अँड द इम्प्रेशन्स' असं छापलं गेलं आणि गटातल्या बाकीच्यांना ते लागलं. सगळ्यांनी मिळून गायलेल्या गाण्यावर एकाचं नाव पुढे. बटलर लवकरच वेगळा झाला आणि मेफील्डने पुढे गट सांभाळला. फॅल्कन आणि ॲबनर दोन्ही मिळतात. व्ही-जे २८० माझ्याकडे नाही. तीस वर्षांत मी ती दोनदा प्रत्यक्ष पाहिली आहे.

नेमकी तारीख काढायची असेल तर तबकडीनंतर जुनी साप्ताहिकं. बिलबोर्ड आणि कॅश बॉक्स यांचे जुने अंक आता स्कॅन होऊन वाचायला मिळतात. नव्या रेकॉर्डची परीक्षणं दोन-दोन ओळींची, पण कोणत्या आठवड्यात आली ते कळतं. कंपन्यांच्या जाहिरातीही बघा. एक सावधगिरी: ३० नोव्हेंबर १९६३ पासून २३ जानेवारी १९६५ पर्यंत बिलबोर्डने आर अँड बीची यादीच छापली नाही. त्या चौदा महिन्यांतलं सोलचं गाणं तिथे सापडलं नाही म्हणून ते चाललं नाही असं समजू नका, कॅश बॉक्स उघडा. वादकांच्या संघटनेकडे जमा होणाऱ्या करारपत्रांत ध्वनिमुद्रणाचा दिवस आणि वादकांची नावं असतात, ती हाती लागली तर सोन्याहून पिवळं. काहीच नसेल तर त्याच लेबलचा आधीचा आणि नंतरचा नंबर शोधायचा. दोन खुंट्यांच्या मध्ये आपली रेकॉर्ड. छोट्या लेबलांनी मात्र कधीकधी नंबर आधी राखून रेकॉर्ड उशिरा काढली आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना दोन-तीन नंबर तपासल्याशिवाय मी तारीख लिहीत नाही.

हे सगळं इतक्या बारकाईने का, असं घरचेही विचारतात. १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रांच इथल्या गोदामाला आग लागून अटलांटिकच्या हजारो टेप जळाल्या. छोट्या लेबलांच्या टेप तर कधीच हरवल्या. कितीतरी गाण्यांचा आज उरलेला एकमेव पुरावा म्हणजे कुणाच्या तरी घरातली सात इंची तबकडी. तुमच्या मामांनी ४१ पुरावे जपून ठेवले आहेत.

बनावट प्रतींबद्दल. सत्तरच्या दशकात उत्तर इंग्लंडमध्ये अमेरिकेत पडलेल्या सोल गाण्यांवर रात्रभर नाचायचं वेड आलं. डेव्ह गॉडिनने त्याला नॉर्दर्न सोल हे नाव दिलं. विगन कॅसिनो हा त्यातला सर्वांत गाजलेला अड्डा, १९७३ ते १९८१. अमेरिकेत कुणी विचारत नव्हतं अशा रेकॉर्डना तिथे आठवड्याचा पगार द्यायला मुलं तयार होती, आणि मग चोरून छापणारेही आले. याच्या टोकाचं उदाहरण म्हणजे फ्रँक विल्सनची 'डू आय लव्ह यू', मोटाउनच्या सोल नावाच्या लेबलवर, नंबर ३५०१९, १९६५. मोटाउनने प्रसिद्धीसाठी थोड्या प्रती छापल्या आणि नष्ट करून टाकल्या. वाचलेल्या मोजक्यांपैकी एक २०२० मध्ये एक लाख पौंडांना गेली. ती कुणाच्या खोक्यात सापडत नाही, सापडली तर संशय आधी घ्यायचा. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये ती अधिकृतपणे निघाली, ती मात्र आनंदाने घ्यावी.

मी स्वतः १९९९ मध्ये एका विक्रेत्याकडून डेट्रॉइटच्या एका छोट्या लेबलची रेकॉर्ड महिन्याच्या भाड्याएवढे पैसे देऊन घेतली. लेबल देखणं होतं. घरी आडव्या उजेडात बघितलं तर जिथे ठसा हवा तिथे कुणीतरी हाताने नंबर खरवडलेला आणि लेबलवरच्या बारीक अक्षरांच्या कडा फुगलेल्या, फोटोवरून छापल्यासारख्या. पैसे परत मिळाले नाहीत. ती रेकॉर्ड मी ठेवली आहे. खरी प्रत हाताशी ठेवून शेजारी शेजारी दाखवली की नव्या माणसाला एका मिनिटात कळतं. तुमच्या खोक्याबद्दल मला ही भीती कमी वाटते, कारण मामांनी त्या साठच्या दशकात दुकानातून घेतलेल्या दिसतात. शिकागोत तेव्हा ज्यूकबॉक्समधून (नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रातून) काढलेल्या रेकॉर्ड स्वस्तात विकायला यायच्या. लेबलभोवती झिजेची वर्तुळं दिसली तर त्या तशा आल्या असाव्यात.

मोठ्या भोकाचं: ते दीड इंची असतं, प्लॅस्टिकची चकती घालून लावायचं. आपल्याकडे सात इंची म्हटलं की बारीक भोकाची ईपी, म्हणून चुकून फुटलेलं भोक समजून एकाने गोंदाने बुजवायचा प्रयत्न केलेला मी पाहिला आहे. दमदमच्या कारखान्यात छापलेल्या टॅम्ला मोटाउनच्या प्रतीही भारतात निघाल्या, मुंबईच्या चोर बाजारात मला मिळाल्यात, त्यांचं भोक आपलं बारीकच.

वाजवण्याआधी एक तपासणी. काही रेकॉर्ड व्हिनाइलच्या आहेत, काही स्टायरीनच्या. स्टायरीनची हलकी, कडा चौकोनी, आणि लेबल वरून चिकटवलेलं असतं, तबकडीत दाबलेलं नसतं. मोनार्कच्या बऱ्याचशा अशाच. स्टायरीनला जड सुई अजिबात सोसत नाही, जुन्या सूटकेस प्लेअरवर दहा-वीस वेळा वाजली की फरफर कायमची. चांगल्या हलक्या सुईशिवाय लावू नका. पुसायचं तर शुद्ध पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने, लेबल कोरडं. स्पिरिट नको. कागदी पाकिटांना पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा रेकॉर्ड नव्या पाकिटात उभ्या ठेवा. जुनी पाकिटं मात्र टाकू नका. पाकीट कुणीही बदलू शकतं, त्यामुळे त्यावरून रेकॉर्डची ओळख ठरत नाही, पण मामांच्या पाकिटांवर दुकानाचा शिक्का, किंमत किंवा त्यांचं अक्षर असेल. लेबलवर पेनाने लिहिलेलं नाव किंवा तारीख पुसायचा प्रयत्नही करू नका. बाजारात त्याने किंमत कमी होते हे खरं आहे. मला मात्र ते लिहिलेलं साल कॅश बॉक्सइतकंच कामाचं वाटतं.

तेव्हा आज एवढंच करा. जेरी बटलरची रेकॉर्ड काढा आणि लेबलचं नाव बघा: व्ही-जे, फॅल्कन की ॲबनर. मग 'शॉप अराउंड'च्या दोन्ही बाजूंचा डेड वॅक्स आडव्या उजेडात वाचा आणि दिसेल ते अक्षर न अक्षर, रेघा आणि त्रिकोणासकट, कागदावर उतरवून पाठवा. फोटोत ती अक्षरं नीट येत नाहीत.